डेमो शेवटच्या बाकावर बसून बघा

वाचकांचे प्रश्न, सरांची उत्तरं

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. पुण्याच्या नारायण पेठेतल्या आमच्या मराठी शाळेला माजी विद्यार्थ्यांची एक बॅच आठवीच्या दोन तुकड्यांसाठी डिजिटल फळे देणार आहे. तीन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात ६५ इंची दोन पॅनल (मोठ्या टीव्हीसारखे, बोटाने चालणारे पडदे), दुसऱ्यात ७५ इंची दोन, तिसऱ्यात प्रोजेक्टर आणि त्यासोबत टचचा पांढरा फळा. तिघंही आपलंच चांगलं म्हणतात. ‘वीस पॉइंट टच’, ‘फोर के’, ‘ओपीएस’ हे काय असतं, ते आमच्या शाळा समितीत कुणालाच नीट सांगता येत नाही. इमारत जुनी, भिंती जाड दगडमातीच्या, खिडक्या पश्चिमेला, वर्गात साठ मुलं. काय घ्यावं?
— मुख्याध्यापिका, नारायण पेठ

उत्तर : बाई, कोटेशनं तूर्त ड्रॉवरमध्ये टाका आणि शिपायाला टेप आणायला सांगा. फळ्यापासून शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या डोळ्यापर्यंत किती फूट भरतात, ते मोजा. साठ मुलांचा वर्ग म्हणजे बावीस-चोवीस फूट तरी निघतीलच.

आता हिशेब. पॅनलचे इंच म्हणजे कर्ण, तिरका मोजलेला. तुम्हाला हवी आहे उंची. ६५ इंचीची उंची सुमारे ३२ इंच, ७५ इंचीची ३७, ८६ इंचीची ४२. दृक्‌श्राव्य साधनांच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे : मजकूर वाचायचा असेल, तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसलेला नको. म्हणजे ६५ इंची सोळा फुटांपर्यंत पुरतो, ७५ इंची साडेअठरा, ८६ इंची एकवीस. तुमच्या वर्गात ६५ इंची लावला, तर मागच्या दोन-तीन रांगांना फळा फक्त उजळलेला दिसेल. ते कोटेशन इथेच बाद.

या हिशेबात प्रोजेक्टर सगळ्यांच्या पुढे जातो. शंभर इंची चित्र (१६:१० आकाराचं, पॅनलहून जरा उंचट) उंचीला ५३ इंच भरतं, त्यामुळे सव्वीस फुटांवरचा मुलगाही वाचू शकतो, आणि तेही पुष्कळदा कमी पैशात. पण तुमच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. दुपारच्या अधिवेशनात चार वाजता त्या वर्गात एकदा उभ्या राहा. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. पडद्यावरचा काळा म्हणजे जिथे त्याने उजेड टाकलेला नाही ती जागा, आणि तिथे तुमच्या खिडकीचं ऊन आधीच पोचलेलं असतं. मग अक्षरं राखाडीवर राखाडी दिसतात. उपाय म्हणून जाड पडदे लावले की वारा बंद होतो. साठ मुलं अंधारात, मार्च महिन्यात, जेवणाच्या सुट्टीनंतर : भूगोलाच्या बाईंना विचारा काय होतं ते.

पॅनलचा उजेड आतून येतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवूनही वाचता येतं. त्याची काच मात्र खिडकीचं प्रतिबिंब पकडते. ‘अँटीग्लेअर’ काच मागा, आणि खिडकीच्या अगदी समोरच्या भिंतीवर पॅनल लावू देऊ नका.

तेव्हा माझं मत असं : तुमच्या वर्गांना पॅनलच, आणि ७५ इंचापेक्षा लहान नाही. ७५ घेतलात तर शेवटच्या रांगा थोड्या पुढे ओढा आणि शिक्षकांना मोठं लिहायची सवय लावा. मला स्वतःला विचाराल, तर दोनाऐवजी ८६ इंची एकच घेईन आणि विज्ञानाच्या खोलीत लावीन. दोन्ही तुकड्या वेळापत्रकाप्रमाणे तिथे जातील. देणगीदारांना दोन वर्गांत दोन पाट्या हव्या असतात हे मला माहीत आहे. तो पेच तुमचा.

आता डेमो. विक्रेता येतो, पृथ्वीचा गोल फिरवतो, बोटाने फूल काढतो, एका फटक्यात पुसतो आणि समिती टाळ्या वाजवते. त्याला खाली बसवा. मराठीच्या बाईंना त्यांच्या नेहमीच्या वेगाने लिहायला सांगा : ‘विद्यार्थ्याने उद्धटपणे उत्तर दिले.’ तुम्ही स्वतः शेवटच्या बाकावर बसा. ‘द्य’ आणि ‘द्ध’ वेगळे वाचता येतात का? रफार दिसतो का? ‘घ’ आणि ‘ध’? मग गणिताच्या सरांना घातांक लिहू द्या. इंग्रजी अक्षरं ज्या आकारात वाचता येतात, त्याच आकारात आपली जोडाक्षरं गिचमिड होतात. हे दुकानातल्या डेमोत कधीच कळत नाही, कारण तिथे आपण फळ्यापासून चार फुटांवर उभे असतो.

लिहितानाची दुसरी गंमत टचच्या प्रकारात आहे. आज शाळांना मिळणाऱ्या बहुतेक पॅनलमध्ये चौकटीतून इन्फ्रारेड किरणांचं जाळं काचेसमोरून जातं. बोट, पेन, खोडरबर, काहीही मध्ये आलं की किरण अडतो आणि तिथे स्पर्श झाला असं पॅनल धरतं. हे जाळं काचेला चिकटलेलं नसतं, किंचित वर असतं. त्यामुळे पेन काचेवरून पुरेसं उचललं नाही, तर ते उचललंच नाही असं समजलं जातं, आणि काना पुढच्या अक्षराला जाऊन चिकटतो. शिरोरेघ मारताना हात टेकवायची सवय असलेल्यांचं तर अक्षर हमखास बिघडतं. चांगल्या पॅनलमध्ये हे अंतर कमी असतं. किती कमी, ते मराठीच्या बाईंच्या त्या एका वाक्यात कळेल. साडीचा पदर, लोंबती ओढणी, कडेने फिरणारी पाल, यांनाही पॅनल बोटच समजतं. पदर खोचून घ्यायला सांगा. पालीचं तुम्ही बघा.

तिसऱ्या कोटेशनमधल्या पांढऱ्या फळ्याबद्दल एवढं विचारून ठेवा की तो कोणत्या जातीचा आहे. एका जातीत वरचं पातळ आवरण दाबलं जाऊन खालच्या थराला टेकतं. त्यावर बोट चालतं, पण कंपासपेटीतलं कर्कटक एकदा लागलं की आवरण फाटतं. दुसऱ्या जातीत फळा कडक असतो आणि त्याला स्वतःचं खास पेनच लागतं. पेन हरवलं की तो नुसता प्रोजेक्टरचा पडदा. आणि प्रोजेक्टरला दिवा आहे की लेझर? दिवा काही हजार तास चालतो. रोज पाच तास धरले तर तीन-चार वर्षांनी नवा घ्यावा लागतो, तोही तेव्हा मिळत असेल तर. लेझरला वीस हजार तास सांगतात.

कोटेशनमधले बाकीचे शब्द भराभर. वीस पॉइंट टच म्हणजे एका वेळी वीस बोटं ओळखतो. तुमच्या फळ्यापाशी एका वेळी तीन मुलांपेक्षा जास्त मावणार नाहीत, तेव्हा या आकड्याला पैसे मोजू नका. फोर के म्हणजे बारीक ठिपके. ७५ इंची पॅनलवर साधं फुल एचडी आणि फोर के यांतला फरक निरोगी डोळ्याला दहा फुटांपलीकडे कळत नाही. आता बहुतेक पॅनल फोर के असतातच, पण त्यासाठी दर वाढवून सांगत असतील तर हसून सोडून द्या. ओपीएस म्हणजे पॅनलच्या पाठीतला खण, ज्यात विंडोजचा छोटा संगणक सरकवता येतो. हा खण असू द्या, कारण काच दहा वर्षं टिकली तरी आतलं अँड्रॉइड त्याच्या खूप आधी जुनं होतं आणि अ‍ॅप चालेनाशी होतात. खण असेल तर संगणक बदलता येतो, पॅनल तेच राहतं. खणातला संगणक आजच घ्यायची गरज नाही. शाळेतला लॅपटॉप जोडून काम भागतं.

कोटेशनवर नुसतं ‘स्मार्ट बोर्ड’ लिहिलं असेल तर परत पाठवा. स्मार्ट ही कॅनडातली कंपनी आहे, तिचा पहिला फळा १९९१ साली आला, पण आपल्याकडे कुठल्याही पॅनलला सर्रास तेच म्हणतात. कंपनी, मॉडेल क्रमांक, जीएसटीसह किंमत, बसवण्याचा खर्च, हे सगळं त्याच कागदावर हवं.

भिंतीचं मात्र घाईत उरकू नका. ७५ इंची पॅनल पन्नास किलोच्या आसपास असतं, वर लोखंडी पट्ट्या. विटांच्या पक्क्या भिंतीत फास्टनर धरतात. दगडमातीच्या भिंतीत ड्रिल घातलं की आतून माती गळायला लागते, भोक मोठं होतं आणि फास्टनर फिरत राहतो. अशा भिंतीला आरपार बोल्ट टाकून पलीकडून पट्टी द्यावी लागते, किंवा जमिनीवर टेकणारी चौकट करून घ्यावी लागते. चाकांचा स्टँड हा तिसरा मार्ग. पण जुन्या इमारतीत वर्गागणिक उंबरा असतो आणि मजल्याला जिना, तेव्हा ‘स्टँडवर घेऊ, सगळ्या वर्गांत फिरवू’ हे समितीत ऐकायला बरं असतं. प्रत्यक्षात तो पहिल्या वर्गात मुक्काम ठोकतो.

विजेचा खर्च किरकोळ आहे. दोनशे वॅट घेणारं पॅनल पाच तास चाललं तर एक युनिट. अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या पेठांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी भरपूर पाहिलं आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जातात, त्यासाठी इन्व्हर्टर पुरेल का, ते पॅनलमागच्या लेबलवरचे वॅट बघून ठरवा.

सर्व्हिसचा प्रश्न शेवटी येतो आणि तिथेच शाळा फसतात. ‘तीन वर्षं वॉरंटी’ म्हणजे काय? माणूस शाळेत येणार, की पॅनल खोक्यात घालून तुम्ही पाठवायचं? शहरातल्याच एका शाळेचं पॅनल गणपतीत बंद पडलं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली तरी ते खोक्यातच होतं, कारण वॉरंटीत ने-आण धरलेली नव्हती आणि त्या खर्चाचा ठराव कुठल्या बैठकीत घ्यायचा हे ठरत नव्हतं. म्हणून ‘जागेवर दुरुस्ती, इतक्या दिवसांत’ असं लिहून घ्या आणि पुण्यातल्या तंत्रज्ञाचा फोन लावून बघा. कोण उचलतं ते महत्त्वाचं. शिवाय त्याच विक्रेत्याने दोन वर्षांपूर्वी पॅनल बसवलेली एखादी शाळा विचारा आणि तिथे मुख्याध्यापकांना न भेटता शिपायाला भेटा. पॅनल रोज चालू होतं का, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

आणि खडूचा फळा काढू नका. मध्ये पॅनल, दोन्ही बाजूंना हिरवा फळा, अशी रचना सगळ्यात चांगली चालते. सिद्धता बाजूच्या फळ्यावर तासभर तशीच राहते, पॅनलवर मात्र पान उलटलं की गेली. खडूची धूळ इन्फ्रारेडच्या चौकटीत बसते, तेव्हा कमी धुळीचा खडू वापरा आणि चौकट रोज कोरड्या मऊ फडक्याने पुसायला सांगा. ओल्या फडक्याने नको.

प्रश्न : सर, मी कोथरूडमध्ये नववी-दहावीचे क्लास घेतो. पॅनलला एचडीएमआय वायरने लॅपटॉप जोडला. चित्र झकास येतं, पण बोट लावलं तर काहीच होत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो पॅनल ठीक आहे.
— क्लासचालक, कोथरूड

उत्तर : कंपनीचा माणूस बरोबर बोलतोय, फक्त अर्धं बोलतोय. एचडीएमआय चित्र नेते. बोटाची बातमी लॅपटॉपकडे परत न्यायला दुसरी यूएसबी वायर लागते. पॅनलवर ‘टच’ असं लिहिलेलं चौकोनी भोक शोधा, प्रिंटरला असतं तसं. तिथून लॅपटॉपच्या यूएसबीत. वायर तपकीर गल्लीत मिळेल, पण पाच मीटरपेक्षा लांब साधी वायर घेऊ नका, टच मध्येच तुटतो. लांबच हवी असेल तर बूस्टर असलेली मागा.

वायर जोडल्यावर पॅनलवर टेकवलेलं बोट लॅपटॉपच्याच पडद्यावर चालायला लागलं, तर घाबरू नका. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा.

प्रश्न : मी हडपसरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पाच वर्षांत फळ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळ पाठ तयार केले. आता शाळा दुसऱ्या कंपनीचं पॅनल घेते आहे आणि माझ्या फाइल त्यात उघडत नाहीत. सगळं पुन्हा करायचं का?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, जुनं पॅनल भंगारात जाण्याआधी घाई करा. स्मार्टचं नोटबुक, प्रोमिथियनचं अ‍ॅक्टिव्हइन्स्पायर, इतरांची आपापली सॉफ्टवेअरं, प्रत्येकाची फाइल वेगळी. जुनं सॉफ्टवेअर ज्या संगणकावर चालतं, तिथे बसून प्रत्येक पाठ पीडीएफ करून घ्या. सरकणारी चित्रं, झाकलेली उत्तरं जातील. नकाशे, आकृत्या, मजकूर तसाच टिकेल. झाकलेल्या उत्तरांचं पान दोनदा काढा, एकदा झाकून, एकदा उघडून. वर्गात पान उलटलं की काम होतं.

पुढचे पाठ ओपनबोर्डमध्ये करा. ते फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि कुठल्याही कंपनीच्या फळ्याशी बांधलेलं नाही. त्याची सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठात झाली. पीडीएफ उघडून तिच्यावर लिहिता येतं, म्हणजे बालभारतीचं पाठ्यपुस्तक उतरवून घ्यायचं आणि त्याच्याच नकाशावर नद्या काढायच्या. त्यात पडद्याचा एक भाग झाकून हळूहळू उघडायची सोयही आहे. एक अडचण सांगून ठेवतो : ते लॅपटॉपवर चालतं, पॅनलच्या अँड्रॉइडवर नाही.

नव्या पॅनलबरोबर विक्रेता ‘संपूर्ण अभ्यासक्रम’ म्हणून पेन ड्राइव्ह देईल. कधी तो दरवर्षी पैसे भरून चालू ठेवायचा असतो, हे आधी विचारा. त्यातला सातवीचा एक पाठ उघडून पाच मिनिटं ऐका. हिंदीतून उचललेलं मराठी आणि कुठल्याशा परदेशी शेताचं चित्र असेल, तर तुमच्या पाच वर्षांच्या पीडीएफ जास्त कामाच्या. विज्ञानवाल्यांना सांगा की कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ ही प्रयोगांची सिम्युलेशन फुकट आहेत आणि त्यांतली बरीच मराठीत आहेत. विद्युतमंडल जोडायचं सिम्युलेशन पॅनलवर बोटाने करायला मुलं अक्षरशः भांडतात.

प्रश्न : मुलाच्या शाळेने ‘डिजिटल वर्ग’ म्हणून फी वाढवली. याने मार्क खरंच वाढतात का?
— एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, इंग्लंडने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी, सरकारी पैशाने केला. लंडनच्या माध्यमिक शाळांत असे फळे बसवले आणि तिथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने त्याची पाहणी केली. २००७ साली अहवाल आला : शाळांतल्या ज्या विषयांच्या विभागांत सगळीकडे फळे बसले, तिथे पहिल्या वर्षी मुलांच्या निकालावर परिणाम दिसला नाही. पुढच्या पालक सभेत फीचा विषय निघेल तेव्हा शाळेला हे विचारा : शिक्षकांना पॅनल शिकायला किती तास दिले, आणि आठवड्यात किती तासिका ते चालू असतं? वेळापत्रक दाखवता आलं, तर निदान वापर तरी होतो आहे.

प्रश्न : सर, भोर तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पट अठरा. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आहे आणि सरपंच म्हणतात शहरासारखं मोठं पॅनल घेऊ. वीज पावसाळ्यात दिवसदिवस नसते.
— उपशिक्षक

उत्तर : गुरुजी, घेऊ नका. अठरा मुलं अर्धवर्तुळात बसली तर शेवटचं मूल दहा फुटांवर असतं. ४३ इंची साध्या टीव्हीची उंची २१ इंच, सहापटीने साडेदहा फूट. पुरतो. त्याला एक बरा लॅपटॉप जोडा. बोटाने करायचं काम मुलं लॅपटॉपच्या माउसने करतील, आणि माउस आळीपाळीने सगळ्यांच्या हातात जाईल. पॅनलपाशी तर धीट मुलंच पोचतात.

टीव्ही मोठ्या पॅनलच्या मानाने खूपच कमी वीज खातो, म्हणून इन्व्हर्टरही लहान लागतो. पॅनलचे वाचलेले पैसे बॅटरीत घाला, आणि छपरावर ऊन चांगलं असेल तर सोलरमध्ये. बालभारतीची पुस्तकं आणि सरकारच्या दीक्षा अ‍ॅपवरचे पाठ भोरला किंवा पुण्याला आलात की उतरवून पेन ड्राइव्हमध्ये न्या, म्हणजे रेंजची वाट बघावी लागणार नाही. टीव्हीच्या आधी चांगला स्टॅबिलायझर लावा, कारण लाइट गेल्यापेक्षा परत येतानाचा झटका जास्त नुकसान करतो.

सरपंचांना माझ्या नावाने सांगा की टीव्ही दुकानात दुरुस्त होतो. पॅनलचा तंत्रज्ञ पुण्याहून यायचा, आणि वरंधा घाटाच्या बाजूला दरड पडली असेल तर तोही नाही. टीव्ही लावताना जमिनीवर बसलेल्या पहिलीतल्या मुलाची मान वर होणार नाही, एवढ्याच उंचीला लावा. उद्घाटनाला उभ्या असलेल्या पाहुण्यांना तो जरा खाली वाटला तरी चालेल.